मोरीत घसरलेल्या बायका



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने ‘डार्लिंग्ज’ हा हिंदी सिनेमा एकत्र बसून पाहिला. जसमीत के. रीन यांचा हा २०२२ मधला सिनेमा. मुंबईच्या चाळीतली एक तरुण बाई नवऱ्याचा मार खाते आणि दारू सुटली की तो सुधारेल, या आशेवर दिवस काढते. शेवटी मायलेकी त्याला घरातच बांधून ठेवतात, आणि मग जो गोंधळ उडतो त्याने बायका पोट धरधरून हसल्या.

सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती आमच्या केंद्रात तीनदा येऊन गेलेली एक ताई. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) पहिल्यांदा ती मोरीत घसरली होती. दुसऱ्यांदा कपाटाचं दार लागलं होतं. तिसऱ्यांदा पुन्हा मोरीच.

सिनेमा संपल्यावर ती मला म्हणाली, “ताई, माझी मोरी दोन बाय तीनची. त्यात पडायला जागाच नाही. पण एकानेही विचारलं नाही, की बाई, तू पडलीस तरी कशी?”

मीही विचारलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मी रजिस्टरमध्ये सरळ लिहिलं होतं, ‘मोरीत घसरली’.

हा फार्स एकट्या बाईने होत नाही. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात. डॉक्टर टाके घालतात आणि ती सांगेल ते कारण लिहितात. चौकीवर ‘घरचं भांडण’ म्हणून परत पाठवतात. तिच्या खोटं बोलण्याला कारण असतं, कारण रात्री तिला त्याच घरी जायचं असतं. आपल्या गप्प बसण्याला काय कारण आहे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने मारणं योग्य ठरेल अशी सात कारणं विचारली होती. स्वयंपाक नीट न करणं हे त्यातलंच एक. देशातल्या ४५ टक्के बायकांना त्यांतलं निदान एक तरी कारण पटलं. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के बायकांनी.

कायदे आहेत. १९८३ चं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. पण कागदावर ‘घसरली’ असं लिहिलं, की तो कागद कोर्टात तिच्याच विरोधात बोलतो. म्हणून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ यांनी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र मला महत्त्वाचं वाटतं. जखम घेऊन आलेल्या बाईला तिथे, दवाखान्यातच, विचारणारं कुणी असतं.

नवऱ्याला बांधून ठेवणं हा आपला मार्ग नाही. आपलं काम त्याहून साधं आहे. तिला एकटीला बसवायचं, सोबत आलेल्या सासूला बाहेर चहा द्यायचा आणि स्पष्ट विचारायचं, “घरी कुणी मारतं का?” उत्तर आलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं.

ती ताई अजून त्याच घरी आहे. तक्रार करायची की नाही, ते ती ठरवेल. रजिस्टरमधल्या त्या नोंदीखाली मी नवी नोंद केली, तारखेसह, आणि तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “आता बरोबर लिहिलंत.”

तुमच्या केंद्राचं रजिस्टर एकदा काढून बघा. किती जणी घसरल्या आहेत, ते आम्हाला जरूर कळवा.