वकील लावायचा, मालक करायचा नाही

दोस्तांनो, मोर्च्यात घसा फोडणारे आपण कोर्टाच्या पायरीवर मुके का होतो? चौकीत फौजदाराच्या डोळ्याला डोळा देणारा आपला पोरगा काळ्या कोटासमोर हात बांधून 'साहेब, साहेब' का करतो? बहिणीची फारकत, पोटगी, पोरांचा ताबा असला मामला आला की घरातलं भांडण म्हणून आपण मान खाली घालतो. सोनं मोडतो, व्याजानं पैसा काढतो. आणि ज्याला कामाला लावायचं त्यालाच मालक करून डोक्यावर बसवतो. यावर बोललं पाहिजे. मोठ्यानं बोललं पाहिजे.

मी गोदीत कंत्राटावर आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलोय, कविता लिहितो. कायदा शिकलो तो ताईच्या केसपायी खाडे करून. ताईच्या वकिलानं पहिल्याच दिवशी पंधरा हजार घेतले. पावती नाही. वकालतनाम्यात जागा कोऱ्या ठेवून सही घेतली. चार तारखांना स्वतः आलाच नाही. ज्युनिअर आला, 'पुढची तारीख द्या' म्हणाला आणि गेला. दर तारखेला माझा एक खाडा, ताईच्या धुण्याभांड्याची एक दिवसाची मजुरी, वर वकिलाचे दोन हजार. ताईनं विचारलं तर म्हणतो, 'तुला काय कळतंय, गप बस.' ताईपेक्षा वयानं लहान माणूस, आणि ताईला अरेतुरे! वकील बदलतो म्हटलं तर कागद अडवले. 'आधी राहिलेली फी, मग फाईल.'

हा एकटाच नालायक असता तर चार शिव्या हासडून मी गप्प बसलो असतो. पण वस्तीत विचारा. नाव बदलतं, गोष्ट तीच.

तर ऐका. वकिलाला फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच हे सांगितलंय. फी राहिली असेल तर त्यानं ती कायद्यानं वसूल करावी, फाईल ओलीस धरू नये. 'पोटगी मिळाली की त्यातला इतका हिस्सा माझा' असा सौदाही करता येत नाही; बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. हे सगळं छापील आहे. आपल्याला कुणी वाचून दाखवलं नाही, कारण आपल्या अडाणीपणावर कुणाचं तरी घर चालतं.

आणि पैसे मुळात द्यायचे कशाला? घटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम घातलं गेलं: गरिबाला फुकट कायदेशीर मदत. त्यावर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याचं कलम १२ काढून वाचा. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, औद्योगिक कामगार यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. ताई बाई आहे. तिला वकील फुकट मिळायला एवढं एकच कारण पुरेसं होतं. कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करायचा. १५१०० हा फोन नंबर आहे. वस्तीच्या भिंतीवर आपण नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर लावतो. हा नंबर कुणी लिहिला?

'फुकटचा वकील फुकटच काम करतो,' असं म्हणणारे भेटतील. खोटं नाही. त्याला पैसा थोडा मिळतो, केसेस ढीगभर, काही जण नुसते पाट्या टाकतात. पण म्हणून हक्क सोडायचा? रेशनवर सडका गहू आला तर आपण रेशनकार्ड फाडतो का? दुकानावर मोर्चा नेतो. हा वकील काम करत नसेल तर लेखी अर्ज देऊन दुसरा मागा. भीक मागितल्यासारखं मागू नका.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे या कोर्टात वकील लावणं हा पक्षकाराचा आपसूक हक्क नाही, न्यायाधीशाची परवानगी लागते. कल्पना अशी की भांडण घरचं, माणसांनी आपल्या तोंडानं बोलावं. मुंबईत हे कोर्ट १९८९ साली आलं. कल्पना चांगली, पण पैसेवाला नवरा परवानगी काढून तगडा वकील उभा करतो आणि समोर बाई एकटी थरथरत उभी. म्हणून वकील नकोच असं मी म्हणत नाही. वकील हवा. पण फी आधी ठरवून, कागदावर. प्रत्येक पैशाची पावती. कोऱ्या कागदावर सही नाही. प्रत्येक अर्जाची नक्कल आपल्या घरात. हुंड्याचा, मारहाणीचा, पगाराचा पुरावा मूळ रूपात आपल्याजवळ, वकिलाकडे झेरॉक्स. आणि तो 'आपण' म्हणून बोलला पाहिजे. अरेतुरे केलं की उठायचं.

कोर्टाच्या फाटकाबाहेर दुसरी एक जमात बसते. स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून देते, नोटरीचा शिक्का मारते, 'झाली फारकत' म्हणते. आपल्या आज्यांच्या काळी काडीमोड होती, पंच बसत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं रूढीची फारकत मोडीत काढली नाही हे खरं. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. सिद्ध झाली नाही तर तो कागद रद्दी, आणि त्याच्या जोरावर केलेलं दुसरं लग्न गुन्हा. ज्यांनी १९५६ साली जुन्या रूढी टाकल्या ते कोणत्या तोंडानं कोर्टात रूढी सांगणार? आपण बौद्ध, तरी अर्जावर नाव 'हिंदू' विवाह कायद्याचंच, कारण कलम २ मध्ये बौद्धांनाही त्यात धरलंय. मला ते टोचतं. पण फारकतीचा हक्क बाईला कायद्यानं मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लढवलं आणि ते अडवलं गेलं तेव्हा १९५१ साली मंत्रिपद फेकून दिलं. तो हक्क आपण पाचशे-हजारात नोटरीला विकतो!

आता आपल्याच लोकांकडे वळतो. राग आला तरी चालेल.

स्टेजवर 'स्त्रीमुक्ती' बोलणारा कार्यकर्ता मला माहीत आहे. खाली उतरला की वकिलाला विचारतो, 'पगार कमी कसा दाखवायचा?' नोकरी लपवतो, मोटरसायकल भावाच्या नावावर करतो. दोस्ता, तू सावकाराचा बाप निघालास! ऐक, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या मामल्यात दोघांनीही मिळकतीचं आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची. '१२५ ची केस' म्हणतो ती १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेली. पूर्वी देशाच्या कायद्यात महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा होती, ती २००१ साली उठली. पोटगी थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा. न देणाऱ्याला तुरुंग आहे. 'मला काम नाही' हे रडगाणंही संपलं. धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करून का होईना, बायकापोरांना पोसावं, असं न्यायालयानं २०२२ साली बजावलं. मी रोज अंगमेहनत करतो. त्यात लाज नाही. लाज पोराचं दूध तोडण्यात आहे.

पोरांचं तर बोलवत नाही. गोदीत मालाचा ताबा देतात. सही, शिक्का, गेटपास. कोर्टातही शब्द तोच, ताबा. बायकोला नमवायला पोराचा ताबा मागणारे बाप आणि तसा सल्ला देणारे वकील दोघेही पोराला पोतं समजतात. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ राहावं, असं १९५६ चा कायदा सांगतो. आणि कुणाचाही हक्क असो, सगळ्याच्या वर पोराचं हित. बाप कमावतो जास्त म्हणून पोर त्याचं, असा कायदा नाही.

बाबासाहेबांनी १९२३ साली याच मुंबईत वकिली सुरू केली. आज आपल्यातले शेकडो पोरं-पोरी काळा कोट घालतात. त्यांना माझा जाहीर सवाल आहे. जयंतीला निळा फेटा बांधता, मग आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसून बायांचे अर्ज का लिहून देत नाही? आणि आपण कोट नसलेले काय करणार? तारखेला बाईबरोबर दोघं जण जायचं. पावती मागायची. तिचं बोलणं तिलाच बोलू द्यायचं. भिंतीवर १५१०० लिहायचं, निळ्या रंगात, हातभर मोठं.

येत्या रविवारी चुना आणि ब्रश घेऊन मी येतो. तुम्ही भिंत दाखवा.