ओट्याचा दगड आणि कारागिराची छाती

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. गिऱ्हाईक नाव आणि चकाकी पाहून माल घेते, पण मालाची खरी परीक्षा पहिल्या धुण्यात होते. भरपूर खळ दिलेले विरळ कापड दुकानात वजनदार वाटते. खळ उतरली की त्याची जाळी होते. गेल्या वर्षी घरचे स्वयंपाकघर नव्याने बांधायचे ठरले, तेव्हा हाच धडा आम्हाला दगडाच्या बाजारात पुन्हा गिरवावा लागला. घर बांधणारे, दुकान सजवणारे आणि स्वतः दगडाचे काम करणारे आमचे अनेक बंधू हे पान वाचतात, म्हणून तो हिशोब येथे मांडत आहोत.

सोलापूरच्या आमच्या जुन्या घरात ओटा कडाप्प्याचा होता. हा दगड आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो. जातीने तो चुनखडीचा, आमच्या शेजारच्या शहाबादी फरशीचाच भाऊबंद. स्वस्त, मजबूत, पण लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्या आंबटाने चुनखडी खाल्ली जाते आणि चकाकी जाऊन फिकट डाग पडतात. तेलही तो पितो. संगमरवराचेही तेच. मकराण्याचा दगड कितीही देखणा असला तरी जिथे रोज लिंबू चिरायचे तिथे तो टिकायचा नाही. दिवाणखान्याच्या मालाने मुदपाकखान्याचे काम करू नये.

मग उरले दोन. ग्रॅनाइट, आणि अलीकडे ज्याची फार हवा आहे तो क्वार्ट्झ.

ग्रॅनाइटला आच लागत नाही, आंबटाचा परिणाम होत नाही. मात्र कापडाच्या बाजारात मिश्र धाग्याचा माल सुती म्हणून खपवतात, तसे दगडाच्या बाजारात टणक आणि चकाकणाऱ्या प्रत्येक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. करड्या दगडाला रंग देऊन काळाभोर करून विकण्याचीही चाल आहे. एका वखारीत आम्हाला असाच काळा दगड दाखवला गेला. आम्ही कापडवाले, रंग पक्का की कच्चा हे घासून पाहिल्याशिवाय आमचा हात खिशाकडे जात नाही. पांढऱ्या रुमालावर नखांचा रंग काढायचे ॲसिटोन घेऊन दगडावर घासले. रुमाल काळा झाला. आम्ही सलाम करून बाहेर पडलो.

तीन कसोट्या प्रत्येकाने कराव्यात. पहिली ही रुमालाची. दुसरी, लिंबाचा रस पाच-दहा मिनिटे ठेवून पुसावा. चट्टा उठला तर दगडात चुन्याचा अंश आहे. तिसरी, पाण्याचे थेंब पाव तास ठेवावेत. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, त्याला सीलर लावावा लागेल. जाडीही कडेला पट्टी लावून स्वतः मोजावी. भाव ठरवताना माप पूर्ण लादीचे धरणार की बसवलेल्या ओट्याचे, सिंकसाठी कापलेला तुकडा कोणाच्या खात्यावर आणि कडेच्या गोलाईची मजुरी किती, हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी व्यवहारात भांडण होते आणि संबंध जातात.

आता क्वार्ट्झ. नाव दगडाचे असले तरी हा माल कारखान्यात बनतो. गारगोटीचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बाकी राळ व रंग. डाग पडत नाहीत, रंग एकसारखा मिळतो, हे खरे. पण राळेला आच सोसत नाही. चुलीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर पिवळा डाग बसतो आणि तो निघत नाही. आमच्या घरांत कढई आणि कुकर दिवसातून किती वेळा उतरतात ते घरच्या बायकांना विचारा.

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून मोठा आहे. गारगोटी म्हणजे सिलिका. ग्रॅनाइटमध्ये ती साधारणपणे निम्म्याहून कमी असते, या मालात जवळजवळ सगळी तीच. दगड कोरडा कापला की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तिने होतो तो सिलिकोसिस. हा आजार बरा होत नाही, क्षयाचा धोका वाढवतो आणि पुष्कळदा क्षय समजूनच त्याच्यावर औषधे दिली जातात. इस्रायल, स्पेन आणि ऑस्ट्रेलियात क्वार्ट्झ कापणारे तरुण कारागीर या रोगाने गेले. शेवटी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या मालाची विक्री, कापणी आणि बसवणी यांवर बंदी घातली. आमच्या धंद्यालाही हे परके नाही. कापसाच्या धुळीने गिरणीकामगारांची छाती भरून येई आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी दम जास्त लागे, हे जुने लोक जाणतात.

आमच्याच घरी ग्रॅनाइट बसवायला आलेला मुलगा सिंकचे भोक दारात बसून कोरडे कापू लागला. मिनिटभरात त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. आम्ही हटकले तर म्हणाला, "चाचा, रुमाल बांधलाय की."

आम्ही त्याला सांगितले, "बेटा, आम्ही रुमालच विकतो. त्याच्या ताण्याबाण्यातून ही धूळ सहज आरपार जाते."

काम थांबवले. पुठ्ठ्याचा फर्मा काढून लादी वखारीत परत पाठवली आणि पाण्याच्या कटरवर कापून आणवली. टेम्पोचे भाडे आणि एक दिवस जास्त गेला. तो खर्च आम्ही दिला, कारण तो ओट्याच्या किमतीचाच भाग आहे असे आमचे मत आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. पैसा बेताचा असेल तर कडाप्पा घ्या आणि आंबट लगेच पुसा. ऐपत असेल तर कसोटीला उतरलेला साधा ग्रॅनाइट घ्या. क्वार्ट्झच्या फॅशनपासून दूर राहा. कोणताही दगड घेतलात तरी सगळी कापणी वखारीत, पाण्याखाली होईल ही अट सौद्यातच घाला. घरात फक्त बसवणी व्हावी. वखारवाल्या बंधूंनी पाण्याचा कटर, विजेचा धक्का टाळणारे ब्रेकर आणि घट्ट बसणारे धुळीचे मास्क यांचा खर्च भावात धरावा आणि गिऱ्हाईकाला तो उघडपणे सांगावा. समंजस गिऱ्हाईक देईल.

ज्याने आमचा ओटा बसवला तो मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि घरात कमावणारा एकटाच. ओटा तर आमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. तो मुलगाही तोवर कामाचा राहावा एवढी काळजी त्याला काम देणाऱ्यांनी घ्यायला हवी.