रावांचा वारसा, निंबर्ग्याच्या बाजूने

आळंद तालुक्यातले निंबर्गा 1956पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, तिथलेच पी. व्ही. नरसिंह राव. वंदे मातरम् सत्याग्रहामुळे उस्मानिया विद्यापीठ सुटले आणि ते नागपुरात शिकले. पुढे रामटेकचे खासदार झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनी तेलुगूत नेली. मराठी वाचकाला ते परके नव्हतेच.

जून 1991मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्याच डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. शस्त्रांचे सुटे भाग, रुबलमधला व्यापार, सुरक्षा परिषदेतला पाठीराखा, सारेच डळमळले. राव बोलले कमी. ऑगस्टच्या मॉस्को बंडावेळी तर त्यांचा अंदाज चुकलाच. पण जानेवारी 1992मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. जानेवारी 1993मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीत आले, तेव्हा रुबल कर्जाचा किचकट तंटा मिटला. कर्ज रुपयांत, भारतीय मालाच्या रूपाने फेडायचे आणि त्यातला एक हिस्सा 45 वर्षांत, बिनव्याजी. सुधारणा करता करता सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या हातून देशच निसटला. रावांनी अल्पमतातले सरकार घेऊन अर्थव्यवस्थेची दिशा बदलली, तीही नेहरूंचे नाव घेत.

बाबरी मशीद पाडली गेली तो 6 डिसेंबर 1992 मात्र त्यांच्या खात्यातून पुसता येणार नाही. त्या दिवशीचे मौन मुत्सद्देगिरी नव्हते, कर्तव्यच्युती होती.

आणखी एक बाकी आहे. परवाना राज्य उद्योगांपुरते उठले. तुरीच्या या पट्ट्यातला शेतकरी अडतीतच राहिला. 2024च्या भारतरत्नाने रावांचा मान राखला, हे योग्यच. मात्र निंबर्ग्यापुरता त्यांचा सुधारणांचा वारसा अर्धाच आहे.