भाडेकरूची पारख

घरमालक परगावी आणि घराच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या हाती, हा प्रकार मुंबई-पुण्यास आता नवा राहिलेला नाही. असा कारभार प्रथमच अंगावर घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भाडेकरू कसा निवडावा, हा. चौकशी अवश्य करावी. उत्पन्न, नोकरी व पूर्वीच्या घरमालकाचा अनुभव यांची विचारपूस करण्यात गैर काही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. त्यात कसूर झाल्यास घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

परंतु व्यवहारात अनेकदा पहिली विचारणा उत्पन्नाची होतच नाही. ती आडनावाची, धर्माची आणि ताटातील अन्नाची होते. एकट्या स्त्रीस तर पुष्कळदा दारातूनच परत पाठविले जाते. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने व उपाहारगृहे सर्वांस खुली केली. खासगी घराचा उंबरठा त्यात आला नाही. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा केवळ पारशांसच सभासद करून घेण्याचा नियमही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला.

तथापि कायद्याची मुभा म्हणजे न्याय नव्हे. भाडे थकविणारे कोणत्या जातीत नसतात? कारभाऱ्याने आपल्या कसोट्या आधी कागदावर मांडाव्यात, प्रत्येक अर्जदारास त्याच लावाव्यात, आणि ‘अमके लोक नकोत’ असे मालकाने बजावल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा, असे आमचे मत आहे. आडनाव विचारून भाड्याची हमी मिळत नाही. शहराच्या वस्त्या मात्र एकमेकींस परक्या होतात.