उमेदवारीचा खर्च कोणी सोसायचा?

उपग्रह प्रक्षेपकापासून विलग झाला की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि आपण दूरचित्रवाणी संच बंद करतो. त्यापुढे यानाची दिशा राखण्याचे, कक्षा सावरण्याचे काम थ्रस्टर नावाच्या लहानशा इंजिनांना वर्षानुवर्षे करावे लागते, याची जाणीव फार थोड्यांना असते. सुमारे ३०० दिवस निद्रिस्त राहिलेले मंगळयानाचे मुख्य इंजिन सप्टेंबर २०१४ मध्ये पुन्हा पेटले, तेव्हा त्याच्या साथीला असे आठ थ्रस्टर होते.

ही इंजिने आता केवळ सरकारी केंद्रांतच घडत नाहीत. २०२० मध्ये केंद्र सरकारने हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले केले. बंगळूरच्या बेलाट्रिक्स कंपनीने विषारी हायड्रॅझिनला पर्याय ठरू पाहणारा ‘रुद्र’ हा थ्रस्टर जानेवारी २०२४ मध्ये अवकाशात नेऊन चालवून पाहिला. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली मनस्तू स्पेस हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेल्या इंधनावर काम करीत आहे. अशा कामात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांची उमेदवारी, आजच्या भाषेत इंटर्नशिप, मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

कारण ही विद्या पुस्तकात सापडत नाही. एक न्यूटन रेटा म्हणजे जेमतेम शंभर ग्रॅम वजनाइतके बळ. ते मोजू जावे तर इंधन नेणारी नळीच स्प्रिंगप्रमाणे आडवी येते. इंजिन तापले की मोजणारे उपकरणही तापते आणि आकडे सरकू लागतात. समोरचा आकडा इंजिनाचा की मांडणीतल्या दोषाचा, हा संशय घेण्याची सवय लागणे हेच खरे शिक्षण. त्यासाठी काही चाचण्या फसाव्याच लागतात, आणि त्यांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

ती कोणी मोजावी? गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात याचा ऊहापोह केला आहे. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्यावर मालक खर्च करणार नाही. शिकणाऱ्यानेच कमी वेतन पत्करून तो भार उचलावा, असा त्याचा निष्कर्ष. तर्क बिनतोड आहे. परंतु शिकणाऱ्यापाशी मुळात काही शिल्लक असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याला बंगळूरला अशी संधी आली होती. वडिलांची शेती कोरडवाहू, विद्यावेतन शून्य, खोलीचे भाडे व खाणावळ मिळून महिन्याचा आकडा त्याने मला कागदावर मांडून दाखवला. भाड्यासाठी कोणती बँक कर्ज देणार? अखेर त्याने तालुक्याच्या गावी एका कार्यालयातून प्रमाणपत्र मिळवले आणि वेळ साजरी केली. महाविद्यालयाच्या लेखी दोन्ही सारखेच!

नव्या कंपन्यांवर विद्यावेतनाची सक्ती करावी, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. ज्या कंपनीचे स्वतःचेच भांडवल अपुरे आहे, ती उमेदवार घेणेच बंद करील. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर अभियंत्याच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही, निदान जेथे प्रत्यक्ष चाचणीचे काम आहे तेथे, तसा आधार द्यावा. मात्र रक्कम कंपनीच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावी, आणि घरापासून दूर राहणाऱ्यास ती अधिक असावी.