नैसर्गिक संप्रेरके : एका विशेषणाची चिकित्सा

'हॉर्मोन' या शब्दासाठी मराठीने 'संप्रेरक' हा प्रतिशब्द घडवला आणि तो चांगला घडवला. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली मूळ शब्द वापरात आणला तो चेतवणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या शब्दातील 'प्रेरणा' त्याच्याशी नेमकी जुळते. 'ईस्ट्रोजेन' या नावाचा इतिहास मात्र इतका निरागस नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ गोमाशी, आणि तिच्या दंशाने येणारा उन्माद. ईस्किलसच्या नावावर असलेल्या 'प्रॉमिथियस बाउंड'मध्ये गाय झालेली आयो ज्या गोमाशीमुळे देशोधडीला लागते, तीच ही. माजावर आलेल्या मादीसाठी वापरला जाणारा हा शब्द पुढे स्त्रीच्या शरीरातील एका द्रव्याला चिकटला. विज्ञानाची परिभाषा तटस्थ असते असे मानणाऱ्यांनी या व्युत्पत्तीकडे एकदा पाहावे.

संप्रेरकांवर आम्ही मराठीच्या अध्यापकांनी का लिहावे, असे कोणी विचारील. औषध कोणी घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या औषधांभोवती जी भाषा उभी आहे तिची चिकित्सा करणे हे आमचेच काम आहे, असे आम्हांस वाटते. या भाषेतील सर्वांत प्रभावी शब्द म्हणजे 'नैसर्गिक'.

त्याचा अर्थ काय? दोन उदाहरणे घेऊ. रजोनिवृत्तीच्या त्रासावर १९४० च्या दशकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत 'प्रेमरिन' नावाची गोळी बाजारात आली. तिच्यातील ईस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले असते. इंग्रजीतील तिचे नावही त्या तीन शब्दांचे तुकडे जोडून केले आहे. उगम पाहिला तर याहून नैसर्गिक काय असणार? मात्र तिच्यात घोडीची म्हणून जी संप्रेरके येतात, त्यांतील काही स्त्रीच्या शरीरात मुळीच नसतात. याउलट रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार करून दाखवले. कंदातील डायोस्जेनिन हे द्रव्य प्रयोगशाळेत पायरीपायरीने बदलावे लागते. पण हाती येणारा रेणू स्त्रीच्या बीजांडकोशातील रेणूहून यत्किंचितही वेगळा नसतो. आता यांपैकी नैसर्गिक कोणते? उगमाने नैसर्गिक ते शरीराला परके, आणि शरीराला आपले ते कारखान्यात घडलेले. या एका विरोधाभासापुढे ते विशेषण उभे राहत नाही.

जाहिरात नेमकी या फटीतून आत शिरते. कंदाचे मलम 'नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन' म्हणून विकले जाते. परंतु डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन करण्याची क्षमता मानवी शरीरात नाही. सोयाबीनमधील ईस्ट्रोजेनसदृश द्रव्यांचा अंगातून वाफा येण्यावर थोडाफार उपयोग दिसतो, तोही सर्वांना सारखा नाही. शतावरीला परंपरेचा आधार आहे, पण या विशिष्ट उपयोगासाठी मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ अजून अपुरे आहे. 'तुमच्यासाठी खास' म्हणून मिसळून दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांविषयीही अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमींच्या समितीने २०२० साली पुरेसा पुरावा नसल्याचेच म्हटले.

अर्थात दुसऱ्या बाजूची भाषाही निष्पाप नव्हे. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९६६ साली 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा 'कमतरतेचा आजार' ठरवला. त्याच्या कार्यामागे औषधकंपन्यांचा पैसा होता, हे पुढे उघड झाले. १९७५ मध्ये नुसते ईस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे दिसून आले, आणि गर्भाशय असलेल्या स्त्रियांना त्यासोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देणे आवश्यक ठरले.

मग २००२ साल आले. १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकेतील चाचणीचा संयुक्त उपचाराचा भाग मध्येच थांबवण्यात आला. स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ, अशी बातमी जगभर गेली. हीच गोष्ट दुसऱ्या वाक्यात सांगता येते : दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. दोन्ही वाक्ये खरी आहेत; पण पहिले वाचून लाखो स्त्रियांनी औषध सोडले, दुसरे वाचून कदाचित विचार केला असता. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हेही मथळ्यांत हरवले. पन्नाशीच्या आसपास, त्रास सुरू असताना उपचार घेणाऱ्या स्त्रीचे गणित वेगळे असते, हे नंतरच्या विश्लेषणांनी दाखवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने या औषधांवरील बहुतेक ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. धोका शून्य झाला असा याचा अर्थ नव्हे. रेणू कोणता, मात्रा किती, गोळी की त्वचेवरील पट्टी, वय काय, या प्रश्नांची उत्तरे एका विशेषणात मावत नाहीत, एवढाच आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. पाळीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : कावळा शिवणे, बाहेरची होणे, अडचण असणे. ती थांबल्यावर मात्र 'गेली' एवढेच. पुस्तकी शब्द 'रजोनिवृत्ती'. त्यातील 'निवृत्ती' एकीकडे संन्यासाची आणि दुसरीकडे पेन्शनची आठवण करून देते. वाफा, उडालेली झोप, ठिसूळ होणारी हाडे, चिडचीड, यांतील काहीही त्या शब्दात नाही. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवले आणि शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलता येते हे दाखवून दिले. त्यानंतरची आपली सभ्य भाषा पुढे गेली, असे म्हणवत नाही.

या मौनाची किंमत सर्वांत जास्त कोण मोजते? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या सर्वेक्षणात ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. 'पिशवी काढली' हा त्यासाठीचा रूढ शब्दप्रयोग. नको असलेली वस्तू टाकून द्यावी तसा! पिशवी काढूनही बीजांडकोश शाबूत असतील तर संप्रेरके चालू राहतात. तेही काढले तर एका दिवसात रजोनिवृत्ती येते, वयाच्या पंधरा-वीस वर्षे आधी. हा फरक त्या दोन शब्दांत कुठेच नाही, आणि तो कित्येकींना कधी सांगितलाही जात नाही. अशा स्त्रीला, अन्य वैद्यकीय अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. तारुण्य टिकवण्याच्या हौसेशी त्याचा काही संबंध नाही. तिच्या हाडांचा आणि हृदयाचा तो प्रश्न आहे. 'निसर्गाला आपले काम करू द्या' हे वाक्य तिच्यापुढे उच्चारणे ही क्रूरता होय, कारण तिच्याबाबतीत निसर्गाला केव्हाच बाजूला सारलेले असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात लिहायला आपण शिकवतोच. एखादी 'शंभर टक्के नैसर्गिक' जाहिरात वाचायलाही शिकवावी. नैसर्गिक म्हणजे उगमाने की रचनेने, २६ टक्के म्हणजे कशाचे, 'पिशवी' म्हणजे नेमके काय काढले, हे प्रश्न वर्गात विचारावेत. उतारा वाचून अर्थ सांगणे हे कौशल्य आपल्याकडे आहे. वर्गातील मुलींना ते परीक्षेनंतर वीस-पंचवीस वर्षांनी, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्यावर लागणार आहे. त्यांच्या आयांना तर ते आजच हवे आहे.