परदेशासाठीच बनली सेडान. तळेगावचा धडा काय?

नशिराबाद परिसरातून आयटीआय करून तळेगाव-चाकणची वाट धरणाऱ्या मुलांना निर्यात करणारा कारखाना म्हणजे पक्की नोकरी वाटते. तळेगावचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

गाडी कोणती?
जनरल मोटर्सने २०१६ च्या ऑटो एक्स्पोत शेवरोले एसेन्शिया ही छोटी फॅमिली सेडान दाखवली. छोट्या गाड्यांच्या करसवलतीत बसावी म्हणून लांबी चार मीटरच्या आत ठेवलेली. पण २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्रीच बंद केली. ही सेडान तळेगावहून ‘बीट’ नावाने मेक्सिकोला गेली.

बदल काय?
मेक्सिकोत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे येते. पेडल, डॅशबोर्ड, वायपरची मांडणी आणि हेडलाइटचा झोतही बदलावा लागतो.

पुढे काय झाले?
डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले. हजारावर कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. प्रकल्प घेण्याचा ह्युंदाईचा करार झाला तो थेट ऑगस्ट २०२३ मध्ये.

धडा काय?
निर्यात हवीच. चाकणची फोक्सवॅगन व्हर्टस देशातही विकली जाते आणि मेक्सिकोलाही जाते. पण गाडीला घरचे गिऱ्हाईकच नसेल, तर परदेशातील एका निर्णयाने कारखान्याला कुलूप लागू शकते. सरकारने उद्योगांना सवलती देतानाच कामगारांच्या भरपाईची आणि पुनर्वसनाची अट घालावी. कुलूप लागल्यावर केलेली धावपळ उपयोगाची नसते.